माझ्याकडे बुधवारच दिसतोय

१ मार्च, दुपार

शहाणे,

तू कॉम्प्युटरवर करून दिलेलं भट्टीचं पान मी रोज उघडते. तीन वर्षं झाली, तुझ्या बाबाशी मला एक शब्दही बोलावा लागलेला नाही. याचं श्रेय तुझं. माझे दिवस मी त्या पानावर लिहिते, त्याचे तू लिहितेस, आणि एकच भट्टी आम्हा दोघांना निमूटपणे झेलते. ज्याची भांडी वाळली त्याचा दिवस. दुसऱ्याने त्या दिवशी कामाच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मोठमोठ्या देशांना जे जमत नाही ते तू एका पानावर जमवलंस.

एक मागणी आहे. तारखेपुढे वार दिसायला हवा. मी वारावर जगते. तारीख बँकेला लागते आणि डॉक्टरला लागते. नुसता आठचा आकडा पाहिला की माझ्या डोळ्यापुढे काही येत नाही. बुधवार म्हटलं की येतं. बुधवारी समोरची खानावळ बंद असते आणि गल्लीत शांतता असते.

दुसरं, हळूच. वाचनालयाच्या अंगणात ठेवायला एक मोठा रांजण करून द्यायचा आहे, माझ्या छातीइतका उंच. तो झाला की मी खोलीतला माझा वाटा सोडणार. साबण बनवणारी एक बाई जागा घ्यायला तयार आहे, महिनाअखेरीस सही करायला येईल. तिला भट्टी नको आहे. माझी मनगटं गेली आहेत. डोकंही जायला लागलंय. परवा एकच मग दोनदा झिलईत बुडवला.

बाबाला सांगू नकोस. तो म्हणेल, मी म्हटलंच होतं. आणि त्याने म्हटलेलं नसतं.

तुझी आत्या


२ मार्च, सकाळ

आत्या,

वार घातला. उघडून बघ. तारखेच्या आधी वार, मग तारीख, मग महिना. तुला कळावं म्हणून सांगते, हे दिसतं तेवढं सोपं नसतं. आम्ही ज्या भाषेत पानं लिहितो ती महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक, मार्च दोन. तारखा मात्र एकापासून. का, ते विचारू नकोस. आमच्या ऑफिसात कुणाला तारखांचं काम आलं की बाकीचे न बोलता त्याच्या टेबलावर एकेक बिस्कीट ठेवून जातात. सांत्वन म्हणून. तुझा वार मी घरी बसून केला, त्यामुळे बिस्कीट बुडालं.

आता तुझं दुसरं. असं करू नकोस. साबणाला भट्टी लागत नाही आणि बाबांना एकट्याला भट्टी पोसवत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू गेलीस की ते महिनाभर ताठ मानेने बसतील आणि मग भट्टी विकतील. एका फुटलेल्या भांड्यापायी तुम्ही दोघं कामच सोडून देणार? झिलईत बुडवलेल्या त्या मगचं म्हणशील तर मी परवा दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून ऑफिसला गेले होते. मी एकोणतीस वर्षांची आहे.

तुझीच


१ मार्च, संध्याकाळ

शहाणे,

मी एक तारखेला लिहिलं, तू दोन तारखेला उत्तर दिलंस, आणि ते मी एक तारखेलाच वाचतेय. इतकी वर्षं तू तिकडे आहेस, तरी मला दर वेळी गंमत वाटते. तुझ्याकडे उद्या उजाडलाच आहे तर तिथे काय होणार ते आधी कळवत जा. माझी बरीच कामं वाचतील.

वार छान दिसतो. दोन्ही माझे दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. मी लिहिताना वेगळेच वार मनात होते असं वाटत होतं, पण पान म्हणतंय तर पान. माझ्यापेक्षा त्याची आठवण चांगली.

फुटलेलं भांडं म्हणालीस. ते भांडं नव्हतं. दोन महिने केलेला रांजण होता. भट्टी निवायला दोन रात्री लागतात. तुझ्या बाबाला त्याच्या हिरव्या झिलईचा रंग बघायची घाई, त्याने दुसऱ्याच सकाळी दार उघडलं. गार हवा आत गेली आणि रांजण वरपासून खालपर्यंत तडकला. मी गल्लीच्या टोकाला होते. तिथे आवाज आला. आणि तो काय म्हणाला? म्हणाला, तू ओला घातला असशील. चाळीस वर्षं चाकावर बसलेल्या बाईला, ओला घातला असशील!

तर ते राहू दे.

महिने शून्यापासून मोजतात हे वाचून मी जोरात हसले. म्हणजे जानेवारीत जन्मलेला तुझा बाबा शून्य महिन्यातला. बरोबर आहे.

आत्या


७ मार्च

चिरंजीव,

आज माझा दिवस होता. तूच लिहून पाठवला होतास, सात आणि दहा. मी दार उघडलं तर तुझी आत्या चाकावर. माझ्या बाजूला जाऊन बसलो. खोलीच्या मधोमध तिनेच खडूची रेघ मारून ठेवली आहे, ती मी ओलांडली नाही. तिने दिवसभर रेडिओ लावून ठेवला. खरखरणारा.

तिला कळव, ठरलं ते ठरलं. मी स्क्रीनला हात लावत नाही हे तुला माहीत आहे. जे काय असेल ते मला लिहून पाठव.

बाबा

(ते बोलतात, मी टाइप करते. ठरलं ते ठरलं याच्या आधी आणखी एक वाक्य होतं. ते मी गाळलंय. — खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई)


७ मार्च

शहाणे,

तुझे पिताश्री आज माझ्या दिवशी अवतरले. न बोलता आत आले, न बोलता बसले, आणि दिवसभर न बोलता एवढे खाकरले की माझ्या हातातली माती दोनदा कलली. मी रेडिओ लावला म्हणून वाचले. पानावर स्वच्छ लिहिलंय, मंगळवार, सात मार्च, आणि पुढे माझं चिन्ह. चिमणी. तूच काढलेली.

त्याला सांग, वाचता येत नसेल तर विचारावं.

आत्या


८ मार्च

आत्या आणि बाबा,

दोघांना एकच पत्र पाठवते आहे, म्हणजे मी कुणाची बाजू घेतली असं होणार नाही.

पान मी आत्ता उघडलंय. सगळं जागच्या जागी आहे. बाबांचे दिवस बरोबर, आत्याचे बरोबर, एकही दिवस दोघांना मिळून दिलेला नाही. पानात चूक नाही. आत्या, चष्मा लावून परत एकदा बघ, आणि पान म्हणेल त्याच दिवशी जा. बाबा, तुमचे दिवस मी लिहिलेत तेच.

आज ऑफिसात गर्दी आहे, जास्त लिहीत नाही. नाटकाची तिकिटं विकणारं एक पान चालू करायचंय.

तुमची


१० मार्च

शहाणे,

चष्मा लावून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून त्यांच्याकडून वाचून घेतलं. पान म्हणतं, शुक्रवार, दहा मार्च, चिमणी. मी गेले. तो होता.

मी म्हटलं, "पान म्हणतंय." तीन वर्षांत मी त्याच्याशी बोललेले पहिले दोन शब्द.

तो म्हणाला, "मला लिहून आलंय."

मी भट्टीच्या फळ्या लावायला घेतल्या. त्या भाजक्या मातीच्या असतात, जड. खालची लागली. मधली मी छातीपर्यंत उचलली आणि पुढे जाईना. मागेही येईना. तशीच उभी राहिले. वाटलं, आता हिला सोडून द्यावं, पायावर पडली तर पडली. तेवढ्यात ती हलकी झाली. त्याने दुसरं टोक धरलं होतं. आम्ही ती आत सरकवली. तो रेघ ओलांडून परत आपल्या बाजूला गेला आणि खाकरला.

हे मी तुला गंमत म्हणून सांगत नाही. पान चुकत नाही असं तू म्हणतेस, म्हणजे मी चुकते. मला पक्कं आठवत होतं की मी शनिवार मनात धरून लिहिलं होतं. पक्कं आठवतं आणि ते खोटं निघतं, याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमची आजी अशीच सुरू झाली होती. साबणवाल्या बाईला मी कळवलंय, लवकर आलीस तरी चालेल. रांजण राहिला तर राहिला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनचा फोटो काढून दिलाय. सोबत पाठवते. तुझ्या पानाला चूक लावायची म्हणून नाही. माझी चूक मला दाखव म्हणून.

आत्या


११ मार्च

आत्या,

हे पत्र उभ्याने वाच, बसून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझं डोकं जागेवर आहे. चुकले मी.

तुझा फोटो बघितला आणि माझा स्क्रीन बघितला. पान एकच, ओळ एकच. तुझ्याकडे शुक्रवार दहा. माझ्याकडे शनिवार अकरा. मग मागची ओळ बघितली. तुला मंगळवार सात दिसला होता, मला ती बुधवार आठ दिसते. बुधवार, तुझा खानावळ बंद असलेला बुधवार. तू मनात धरला होतास तोच. आणि मी तुला चष्मा लाव म्हणाले.

काय झालं ते सांगते. आधी पानावर नुसती तारीख होती, तू टाइप केलीस तशीच अक्षरं. त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मग तू वार मागितलास. वार काढायला कॉम्प्युटरला ती तारीख समजून घ्यावी लागते, आणि त्याला नुसता दिवस समजतच नाही. त्याला क्षण लागतो. मी तास दिला नव्हता, म्हणून त्याने स्वतःच ठरवलं की ही त्या दिवसाची सुरुवात, मध्यरात्र. कुणाची मध्यरात्र? तुझी नाही, माझी नाही. जगातली घड्याळं जिथून मोजतात त्या रेषेवरची. त्या रेषेवर आठ तारीख लागते तेव्हा माझ्याकडे आठची सकाळ असते. तुझ्याकडे अजून सातची संध्याकाळ. म्हणून मला बुधवार आणि तुला मंगळवार. दोन्ही कॉम्प्युटर खरं बोलत होते.

या चुकीची गंमत अशी की ती मला इथे बसून कधीच दिसली नसती. मी रेषेच्या या बाजूला आहे. बाबांना मी माझ्या स्क्रीनवरून वाचून तारखा कळवते, म्हणून ते बरोबर दिवशी आले. तू तुझ्या स्क्रीनवर वाचतेस, म्हणून दर वेळी एक दिवस आधी. आणि तुझ्या दिवसाच्या आदला दिवस नेमका त्यांचा.

आता दुरुस्त केलंय. वर्ष, महिना, तारीख सुटी करून कॉम्प्युटरच्या हातात देते, म्हणजे तो ज्याच्या घरी असेल त्याच्याच घरचा दिवस धरतो. महिन्यातून एक वजा करायला विसरले नाही. जुना कागद कुठे लिहून ठेवला असशील तर त्यावरच्या वारात एक दिवस मिळव. पानावरचं आता जसंच्या तसं खरं.

साबणवाल्या बाईला थांबव. विसरणारी माणसं शनिवार मनात धरून ठेवत नाहीत.

मी ऑफिसात हे सांगितलं. जेवून आले तर टेबलावर सात बिस्किटं होती.

तुझी मूर्ख भाची


१० मार्च, उशिरा

शहाणे,

परत मूर्ख म्हणालीस तर कान धरीन. आज रात्री मला झोप लागेल. या आठवड्यात ती लागली नव्हती, ते मी लिहिलं नव्हतं.

पण मला नीट कळू दे. कुठल्याशा रेषेवर कुणा अनोळखी माणसाची मध्यरात्र होते, आणि म्हणून मी इथे सकाळी उठून, डबा भरून, माझ्या भावाच्या दिवशी माझ्या भावासमोर जाऊन बसते. आणि याचा तुम्ही लोक पगार घेता.

बाबालाही कळव चूक कुणाची होती. नाहीतर तो आयुष्यभर म्हणेल ती मुद्दाम आली. मी मुद्दाम जाईन? मी?

आता पानावर उद्याचा शनिवार माझा, त्यानंतरचा चौदा, मंगळवार. त्याचा तेरा, सोमवार. म्हणजे आता आमची गाठ पडणार नाही. बरं झालं.

फळ्यांचं बघते काहीतरी.

आत्या


१४ मार्च

चिरंजीव,

तुझं पत्र मिळालं. रेषेचं मला कळलं नाही. ते महत्त्वाचं नाही.

आज मी खोलीवर गेलो तर तुझी आत्या होती. तिचा दिवस होता म्हणे. मला काय माहीत. माझा स्पंज राहिला होता, तो आणायला गेलो. ती भट्टीच्या वरच्या फळीशी झटत होती. मी फळी लावून दिली. मग स्पंज सापडेना, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं.

हे सगळं तुझ्या पानामुळे. दिवसांचा घोळ अजून आहेच. आणि रविवार लाल कशाला केलास? डोळ्यांत खुपतो. आधी काळा होता तो चांगला होता.

मी स्क्रीनला हात लावत नाही. पुढच्या तारखा लिहून पाठव.

बाबा

(स्पंज त्यांच्या खिशात होता. बटण लावायला आलेल्या शर्टात मला मिळाला. — शिं.)


१७ मार्च

शहाणे,

तुझं पान अजून बिघडलेलंच आहे.

आज त्याचा दिवस, आणि मी जाऊन पोचले. माझा दोष नाही. इतके दिवस पान चुकत होतं म्हणून मला सवय लागली, वार बघितला की मी मनातल्या मनात त्यातून एक वजा करते. शिवाय गेल्या रविवारी आमच्याकडे घड्याळं तासभर पुढे केली. पहाटे दोनचे एकदम तीन वाजले. तुझं पान त्यात अडखळलं असणार. तू म्हणशील एका तासाने दिवस कसा बदलेल. तर मग रेषेवरच्या माणसाने कसा बदलला?

असो. गेलेच होते तर रिकामी कशाला बसू? रांजणाचे दोन भाग मी चाकावर काढून ठेवले होते, खालचा आणि वरचा. वरचा उलटा करून खालच्यावर बसवायचा असतो, काठावर काठ. एकट्याने होत नाही. मी कसं करणार होते देव जाणे. तुझा बाबा म्हणाला, "उचलू?" मी म्हटलं, "ओल्या हाताने उचलू नकोस." तो म्हणाला, "तू नको शिकवूस." मग आम्ही उचलला. तो धरून उभा राहिला, मी चाक हळूहळू फिरवत सांधा दाबत गेले. अर्धा तास त्याने हात हलवला नाही. नाकावर माशी बसली होती. मी बघत होते. तो रागाने तिच्याकडे बघत होता, पण हात हलवला नाही.

खडूची रेघ पुसली गेली. रांजण मधोमध ठेवावा लागला, म्हणून.

साबणवाल्या बाईला पुढच्या महिन्यात ये म्हटलं. एवढं मोठं भांडं वाळायला वेळ लागतो. दुसरं काही कारण नाही.

तेवढं पानाचं बघ. सवडीने.

आत्या


१८ मार्च

आत्या,

पान परत तपासलं. वरून खाली, खालून वर. घड्याळं पुढे गेली तो रविवार तपासला. एकतीस दिवसांचे महिने तपासले. पुढच्या वर्षीचा एकोणतीस फेब्रुवारीही तपासला.

तुझं बरोबर आहे. चूक आहेच. मला सापडत नाही.

आमच्या धंद्यात अशा चुका असतात. त्यांना हात लावला की दुसरीकडे काहीतरी मोडतं, म्हणून शहाणी माणसं त्या तशाच राहू देतात. मी आमच्या वरिष्ठ बाईंना विचारलं. त्यांनी विचारलं, पानामुळे कुणाचं नुकसान होतंय का? मी म्हटलं, एका साबणवाल्या बाईचं, कदाचित. त्या म्हणाल्या, मग सोडून दे.

तू आपली एक वजा करत राहा. (वारात एक मिळवायचा असं मी मागे लिहिलं होतं, ते विसर.)

माशीचं पुढे काय झालं?

तुझी


१८ मार्च

बाबा,

तारखा खाली लिहिल्या आहेत. पानाचा घोळ मिटायला बराच वेळ लागेल असं दिसतंय. तोवर जमेल तसं सांभाळून घ्या.

रविवार परत काळा केला. तो मी गेल्या शनिवारी लाल केला होता आणि कुणालाही कळवलं नव्हतं, आत्यालासुद्धा. शिंपीणबाईंना याबद्दल विचारू नका. उगाच त्यांना एखादं वाक्य गाळावं लागेल.

स्पंज जपून ठेवा. परत लागेल.

तुमची


१९ एप्रिल

चिरंजीव,

हे पत्र आत्याच्या घरून पाठवतो आहे. शिंपीणबाई लग्नाचे कपडे शिवण्यात गुंतल्या आहेत, म्हणून. मी सांगतो, ही टाइप करते. एका बोटाने. पत्र मोठं वाटलं तर समज की फार वेळ लागला.

(दुसरं बोट दुखतंय. — आ.)

रविवारी रांजण भाजला. फक्त रांजण, भट्टीत दुसरं काही मावलं नाही. सोमवारी सकाळी मी खोलीवर गेलो. सहज. ही आधीच तिथे होती. भट्टीच्या दाराला हात लावून बघत होती. मी म्हटलं, अजून गरम असेल. ती म्हणाली, कुणाला सांगतोस? मग आम्ही बसलो. मी त्या तोकड्या पायाच्या स्टुलावर बसलो, कारण बरं स्टूल हिने घेतलं.

(तो आधी बसला त्या स्टुलावर. मी नको म्हटलं होतं. — आ.)

दुपारी भट्टीच्या उष्णतेचा काटा बराच खाली आला होता. माणूस दार उघडू शकला असता. चार बोटं, नुसतं रंग बघण्यापुरतं. मी उघडलं नाही. कडी माझ्या बाजूला होती. मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

(हे खरं आहे. — आ.)

मंगळवारी ही म्हणाली, आता उघड. मी म्हटलं, तू उघड. ती म्हणाली, तू. असं थोडा वेळ चाललं. उघडलं. रांजण अख्खा आहे. खांद्याशी एका जागी झिलई जराशी ओघळली आहे. ताई म्हणते ती तशीच हवी होती.

(तशीच हवी होती. — आ.)

एक मला कळलं नाही. आम्ही रांजण बाहेर काढत होतो तेव्हा दारात कोणी बाई आली. अंगाला साबणाचा वास. ताईने तिला पाणी दिलं, बसवलं, रांजण दाखवला, आणि म्हणाली, माफ करा, इथे जागा होत नाही. बाईने खोलीकडे बघितलं, रांजणाकडे बघितलं, आणि गेली. मी विचारलं, कोण होती? ताई म्हणाली, पत्ता चुकली असेल. हातात कागद घेऊन पत्ता चुकतात का कुणी? तुला काही ठाऊक आहे?

(तिला काही ठाऊक नाही. — आ.)

पान दुरुस्त झालं का, असं ताई विचारते. मी म्हटलं, पोरीला ऑफिसची कामं असतात, तिच्या मागे लागू नये. तू घाई करू नकोस. घाईने केलेली कामं तडकतात.

पुढच्या महिन्याच्या माझ्या तारखा कळव. ताईच्या कळवू नकोस. त्या मी तिलाच विचारीन.

बाबा

(आत्ताच विचारल्या. मी सांगितलं, तुझ्या असतील त्याच. — आ.)